जपानमधील शाळाभेट: वर्गातले दिवस कमी करून किल्ले-मंदिरे पाहावीत का?

सहशिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. आमच्या शाळेतील नववी आणि अकरावीच्या काही विद्यार्थ्यांचा गट ऑक्टोबर महिन्यात जपानच्या वाकायामा प्रीफेक्चरमधील (म्हणजे प्रांतातील) एका उच्च माध्यमिक शाळेच्या भेटीसाठी जाणार असून त्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. (दहावीच्या मुलांना पालकांनी सोडले नाही, हे वेगळे सांगायला नको.) यजमान शाळेने पाठवलेल्या कच्च्या आराखड्यानुसार सोमवार ते शुक्रवार मुले तेथील वर्गांत बसतील, शाळेतील चहाविधी-मंडळ त्यांच्यासाठी एक कार्यक्रम करील, सुलेखनाचा एक वर्ग होईल, शनिवार-रविवार मुले यजमान कुटुंबांकडे राहतील आणि शेवटी कोयासान या बौद्ध मठांच्या पर्वतावरील एका मंदिरात मुक्काम असेल.

पालकसभेत या आराखड्यावर बरीच चर्चा झाली. इतक्या लांब जाऊन पुन्हा शाळेतच बसायचे असेल तर खर्च कशासाठी करायचा, असा अनेकांचा सूर होता, आणि शाळेतील दोन दिवस कमी करून क्योतोची मंदिरे व हिमेजीचा किल्ला दाखवावा अशी मागणी पुढे आली. बदल कळवायचे असतील तर ते लवकर कळवावे लागतील. म्हणून जपानमधील शाळांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांना विचारते की, तेथील एका साध्या शालेय दिवसात आमच्या मुलांनी पाहावे असे नेमके काय असते? मुलेच वर्ग झाडतात आणि शाळेत शिपाई नसतात, असे चित्रफितींत दाखवतात, ते कितपत खरे आहे? चहाविधीसारखे कार्यक्रम पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा असतात, की त्यांतून मुलांच्या हाती काही लागते? गटात बरीच मुले शाकाहारी आहेत आणि एक मुलगी जैन आहे, तिच्या जेवणाची चिंता मला सर्वांत जास्त आहे.

कान्साईकर

मी ओसाकाजवळ राहतो आणि माझी दोन्ही मुले येथील सरकारी शाळांत शिकली आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो: शाळेतील दिवस कमी करू नका. कोणत्याही यजमान शाळेत पहिला दिवस स्वागत, भाषणे आणि छायाचित्रे यांत जातो, दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गांतील मुले दारातून डोकावत राहतात, आणि पाहुण्यांची नवलाई ओसरून त्यांना इतर मुलांसारखेच वागवले जाऊ लागते ते त्यानंतर. दोन दिवस कापलेत तर नेमके हेच दिवस जातील आणि तुमच्या वाट्याला फक्त स्वागतसमारंभ उरेल.

दिवसाची सुरुवात प्रवेशदारातील चपलांच्या खणांपाशी होते. बाहेरचे बूट तेथे ठेवून 'उवाबाकी' नावाचे आत वापरायचे कापडी किंवा रबरी बूट घालायचे असतात, आणि अनेक शाळांत त्यांच्या पट्टीच्या रंगावरून विद्यार्थी कोणत्या वर्षात आहे हे कळते. पाहुण्यांना सपाता मिळतात, पण त्या घालून जिने चढताना मुलांची तारांबळ उडते, तेव्हा आत घालण्यासाठी स्वच्छ तळव्याचा एक जोड प्रत्येकाने सोबत आणावा. वर्ग सहसा साडेआठच्या सुमारास भरतो. मुले आपल्याच वर्गात बसून राहतात आणि शिक्षक तासागणिक बदलतात. तास पन्नास मिनिटांचा असतो, आणि त्याच्या आरंभी व शेवटी त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो विद्यार्थी 'उठा, नमस्कार करा, बसा' अशा आज्ञा देतो. तुमच्या मुलांना सर्वांत जास्त खटकेल ती शांतता. शिक्षकांनी प्रश्न विचारला तरी हात फारसे वर होत नाहीत. यावरून ही मुले मंद आहेत किंवा घाबरलेली आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण तीच मुले मधल्या सुट्टीत आणि मैदानावर पूर्ण वेगळी दिसतात.

आता सफाईविषयी. शाळेत कर्मचारी नसतातच, हे खरे नाही. दुरुस्ती, बागकाम आणि इमारतीची देखभाल यांसाठी माणसे नेमलेली असतात, आणि खिडक्यांच्या उंच काचांसारखी कामे पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या लोकांकडून करून घेतात. रोजची झाडलोट मात्र मुलेच करतात. वेळ झाली की ध्वनिक्षेपकावर एखादी धून लागते, खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवल्या जातात, सगळे बाक एका बाजूला सरकवले जातात, मोकळी झालेली अर्धी खोली झाडून पुसली जाते आणि मग बाक दुसऱ्या बाजूला सरकवून उरलेली अर्धी. वर्गाचे लहान लहान गट केलेले असतात. कोणाकडे वर्ग, कोणाकडे जिना, कोणाकडे स्वच्छतागृह हे पाळीने ठरते, आणि शिक्षकही बऱ्याचदा हातात झाडू घेऊन उभे असतात. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकते आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. मुले अधूनमधून टंगळमंगळ करतात, झाडूने चेंडू टोलवतात आणि बोलणीही खातात, हे चित्रफितींत दिसत नाही. तुमच्या मुलांना प्रेक्षक म्हणून बाजूला उभे करू नये, त्यांनाही एकेका गटात घालावे, अशी विनंती यजमान शाळेला आताच करून ठेवा. सांगितले नाही तर पाहुण्यांना काम कसे सांगायचे या संकोचापोटी त्यांना त्या वेळात मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला नेतील.

एक गोष्ट मात्र आराखडा पक्का होण्यापूर्वी विचाराच. ऑक्टोबरमध्ये अनेक शाळांत सत्रमध्य परीक्षा असते आणि तिच्या आधी साधारण आठवडाभर सर्व मंडळांचे उपक्रम बंद ठेवतात. हे उपक्रम, म्हणजे 'बुकात्सु', येथील शालेय जीवनाचा कणा आहेत. बेसबॉल असो, केंदो (जपानी तलवारबाजी) असो वा वाद्यवृंद, मुले संध्याकाळी सहापर्यंत तेथेच असतात, आणि वरच्या वर्षातील 'सेनपाइ'ने खालच्या वर्षातील 'कोहाइ'ला शिकवायचे व त्याने ते निमूटपणे ऐकायचे, ही रीत त्यांच्या अंगी बाणते ती तेथेच. परीक्षेच्या तोंडावर गेलात तर दुपारी साडेतीनला रिकामी शाळा पाहाल. तारखा आठवडाभर पुढेमागे करणे हे हिमेजी पाहण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

तातामी

चहाविधी देखावा आहे का, हा प्रश्न मला आवडला, कारण क्योतोमध्ये मी तो काही वर्षे शिकले आहे आणि तेथेही पर्यटकांसाठी अर्ध्या तासात उरकलेले विधी पाहिले आहेत. जपानमधील बहुसंख्य विद्यार्थी चहाच्या खोलीत कधी बसलेले नसतात, हे आधी लक्षात घ्यावे. त्यामुळे आपल्या मुलांनी 'सगळे जपानी असेच राहतात' अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. परंतु शाळेच्या मंडळातील मुले आठवड्यातून एकदोनदा सराव करतात, आणि या कलेत सराव असतो तो पाहुण्याचे आतिथ्य करण्याचाच. पाहुणा आल्याशिवाय ती पुरी होत नाही. तुमच्यासाठी चहा करणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तुमच्या मुलांहून जास्त धास्तावलेली असेल, आणि तिच्या हातांकडे नीट पाहणाऱ्या पाहुण्यांना तिच्याकडून पुष्कळ शिकता येईल.

पूर्वतयारी फार लागत नाही, पण थोडी लागते. पांढरे स्वच्छ मोजे घालावेत, अंगठ्या, कडी आणि घड्याळे काढून ठेवावीत (वाडगा ओरखडू नये म्हणून), आणि तातामीच्या (जमिनीवर अंथरलेल्या गवती चटईच्या) कापडी काठावर पाय देऊ नये. आधी गोड पदार्थ दिला जातो आणि तो चहा येण्यापूर्वी संपवायचा असतो, कारण माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा, कडवट असतो आणि त्यात साखर नसते. वाडगा समोर येतो तेव्हा त्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे असते. त्याच बाजूने ओठ लावणे अनादराचे म्हणून तो तळहातावर घेऊन थोडा फिरवायचा आणि मग प्यायचे. प्यायल्यावर वाडगा न्याहाळायचा असतो, आणि ही पायरी मुले हमखास गाळतात. घडवणाऱ्याचा हात, झिलईचा ओघळ, तळाची वर्तुळाकार कड हे सारे पाहण्यासाठीच समोर ठेवलेले असते, म्हणून वाडगा जमिनीजवळच धरून पाहावा. गुडघे दुमडून बसण्याची सवय नसेल तर पाय बधिर होतात, तेव्हा मांडी घालू का असे विचारायला हरकत नाही, आणि यजमान ते आनंदाने मान्य करतात.

चहाविधीला आजचे रूप देणारे सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) यांचा जन्म साकाई या बंदराच्या गावी झाला. साकाई ओसाकाच्या दक्षिणेला लागूनच आहे, म्हणजे तुमच्या वाटेवरच. चहाच्या पारंपरिक खोलीत पाहुणे ज्या दारातून शिरतात ते जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीचे असते, आणि सरदार असो वा व्यापारी, प्रत्येकाला त्यातून वाकून, जवळजवळ रांगत आत यावे लागते. शाळेतल्या खोलीला असे दार बहुधा नसेल, पण एवढी माहिती आधी सांगितली तर मुलांना त्या खोलीतील साधेपणाचा अर्थ लागेल, एरवी त्यांना ती नुसती रिकामी वाटते.

सुलेखनाच्या वर्गात पाहुण्यांची नावे काताकानात (परकीय शब्दांसाठीच्या जपानी लिपीत) लिहून देण्याची पद्धत आहे. त्यात मुलांना गंमत वाटते, पण शिकण्यासारखे फार नसते. त्याऐवजी एखादे साधे कांजी (चिनी चित्रलिपीतून आलेले) अक्षर घेऊन तेच तासभर गिरवू द्यावे, असे शिक्षकांना सुचवावे. कुंचला कोठे थांबवायचा, कोठे झटका द्यायचा आणि कोठे हळूहळू उचलायचा हे हाताला कळण्यास एवढा वेळ लागतोच, आणि एकदा ओढलेली रेघ पुन्हा गिरवून दुरुस्त करायची नसते. शाई कपड्यांवरून जात नाही, म्हणून त्या दिवशी गडद रंगाचा सदरा घालावा. आपल्या मुलांनी बदल्यात देवनागरी लिहून दाखवली तर यजमानांनाही ते आवडेल.

भटक्या

वरील दोन्ही उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत असलो, तरी पालकांचीही बाजू कोणीतरी मांडायला हवी. या मुलांपैकी अनेकांना पुन्हा जपानला जाण्याची संधी मिळेलच असे नाही, आणि क्योतोजवळ जाऊन क्योतो न पाहता परतणे त्यांना पुढे नक्कीच जाचेल. हिमेजीचे मात्र मला पटत नाही. तो किल्ला अप्रतिम आहे, १६०९ मध्ये पूर्ण झालेला मुख्य मनोरा आजही मूळ लाकडी बांधणीत उभा आहे, पण ओसाकाहून क्योतो एका दिशेला आणि हिमेजी दुसऱ्या दिशेला आहे. वाकायामाहून ही दोन्ही ठिकाणे घाईघाईने करायची म्हणजे मुले जपान पाहतील तो गाडीच्या खिडकीतून. शाळेचे दिवस तसेच ठेवून मुक्काम शेवटी एका दिवसाने वाढवावा आणि तो दिवस केवळ क्योतोला द्यावा, तोही दोनच ठिकाणांना.

डबेवाली

जेवणाबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरी सगळे शाकाहारी आहेत आणि जपानमध्ये राहताना रोजचा डबा मीच करत असे. शालेय भोजनाच्या ज्या चित्रफिती सर्वत्र फिरतात, ज्यांत मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून एकमेकांना वाढतात, त्या प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या असतात. उच्च माध्यमिक शाळांत अशी सोय बहुधा नसते, तेथे मुले घरून 'बेंतो' आणतात किंवा शाळेच्या दुकानातून पाव विकत घेतात. यजमान कुटुंबाकडे राहण्याच्या दिवसांत तुमच्या विद्यार्थ्यांचे जेवण यजमान बाईंच्या स्वयंपाकघरात ठरेल, आणि हे दिवस शाळेच्या दिवसांना जोडून आले तर सकाळी सहाला त्या डबा भरायला उभ्या असतील. त्या वेळी त्यांच्यापुढे कोडे पडू नये एवढी काळजी आपण इथूनच घ्यायला हवी.

केवळ 'शाकाहारी' असे कळवून भागत नाही. तेथे मांसाचे तुकडे वगळले की पदार्थ शाकाहारी झाला असे अनेकांना मनापासून वाटते, आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपपासून उकडलेल्या भाज्यांपर्यंत जवळजवळ सगळ्याचा आधार असलेली 'दाशी' ही सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून केलेली असते, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. सोबा नूडल्सचा रस्सा, अंड्याची गुंडाळी, इनारीझुशी या भाताच्या पदार्थावरचे तळलेल्या तोफूचे (सोयाबीनच्या पनीरचे) पापुद्रे, सगळ्यांत बहुधा ती असते. करीच्या तयार वड्यांत बहुधा गोमांसाची किंवा डुकराची चरबी असते, जेलीत जिलेटिन असते. म्हणून मुलाच्या नावासमोर 'मांस नाही, मासे नाहीत, माशांची दाशी नाही, अंडे चालते किंवा चालत नाही' अशी स्पष्ट यादी जपानी भाषेत लिहून पाठवावी आणि त्याखाली काय चालते तेही लिहावे: कोंबू या समुद्री वनस्पतीची किंवा शिताके अळंबीची दाशी, तोफू, भात, उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) घातलेले ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन (एखाद्याला आवडलेच तर), भाज्या, फळे. नकारांची यादी हाती पडल्यावर यजमान घाबरतात आणि होकारांची यादी वाचून स्वयंपाकाला लागतात, असा माझा अनुभव आहे.

कोयासानचा मुक्काम या दृष्टीने सर्वांत सोपा आहे. ८१६ साली बौद्ध भिक्षू कूकाई यांनी स्थापन केलेल्या या पर्वतावर पन्नासाच्या आसपास मंदिरांत मुक्कामाची सोय होते, आणि तेथील 'शोजिन र्योरी' या मठातील जेवणात मांस, मासे, अंडी नसतातच, शिवाय परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तिळाचे मऊ तोफू आणि गोठवून सुकवलेले कोया-दोफू मुलांना नवे असेल, पण निर्धास्तपणे खाता येईल. जैन मुलीसाठी मात्र एवढ्याने काम भागत नाही, कारण मुळा, गाजर आणि गोबो ही कंदमुळे त्याच जेवणात भरपूर असतात. तेव्हा मंदिरालाही स्वतंत्रपणे कळवावे. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात आणि सकाळची प्रार्थना सहाच्या सुमारास असते. उंची सुमारे ८०० मीटर असल्याने ऑक्टोबरअखेर तेथे चांगलीच थंडी पडते, याची पालकांना कल्पना द्या.

मराठी मुलांना तेथे आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्याचे अनावरण २०१५ मध्ये झाले. ओकुनोइन या तेथील जुन्या दफनभूमीत उंच सुगी वृक्षांतून जाणाऱ्या वाटेवरील थडग्यांवर सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे कोरलेली दिसतात, आणि ती लिपी भारतातूनच तिकडे गेलेली आहे. त्या वाटेवरील शेवटच्या पुलापलीकडे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे.

सहशिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परीक्षेच्या तारखांबद्दल मी कालच यजमान शाळेला लिहिले आणि आमचा आठवडा खरोखरच परीक्षेच्या अगदी आधीचा निघाला, त्यामुळे भेट पुढे ढकलून ऑक्टोबरच्या अखेरीस नेण्याचे ठरत आहे. शाळेचे दिवस कमी करणार नाही, आणि शेवटी क्योतोसाठी एक दिवस वाढवण्याचा पर्याय पालकांपुढे ठेवते. आणखी थोडे विचारते: मुलींच्या कानांतील डूल शाळेत चालतात का? औषधे आणि खाऊ नेण्याबाबत काही बंधने आहेत का? यजमान कुटुंबात वागताना काय सांभाळावे? आणि शनिवारी वाकायामातच मुलांना काही दाखवता आले तर काय दाखवावे?

कान्साईकर

कानांतील दागिन्यांना अनेक शाळांत मनाई असते. नियमांचा काच अलीकडे सैल होत आहे (तोक्योच्या महानगरीय उच्च माध्यमिक शाळांनी केस काळे करण्याच्या सक्तीसारखे काही नियम एप्रिल २०२२ पासून रद्द केले), पण वाकायामातील तुमच्या शाळेचे काय, ते तिलाच विचारावे. पाहुण्यांना सहसा सूट देतात. भोके नुकतीच टोचलेली असतील तर तसे कळवले म्हणजे पुरे.

औषधांबाबत काटेकोर राहा. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असलेली सर्दीची औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत, आणि आपल्याकडील साध्या सर्दीच्या गोळ्यांतही ते असू शकते, म्हणून प्रत्येक पाकिटावरील घटक तपासा. ताजी फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ सामानात ठेवू नका. वर्गासाठी खाऊ न्यायचा तर एकेक तुकडा स्वतंत्र वेष्टनात असलेला न्यावा, म्हणजे तो चाळीस मुलांत सहज वाटता येतो.

यजमान घरी सर्वांत मोठा घोळ स्नानगृहात होतो. अंग बाहेर बसून साबणाने पूर्ण धुवायचे आणि मगच टबात उतरायचे, कारण त्याच पाण्यात घरातील बाकीची मंडळी एकामागून एक उतरणार असतात. निघताना बूच काढायचे नाही, झाकण परत टबावर घालायचे. पाहुण्याला पहिला मान देतात, त्यामुळे पाणी सोडून दिले तर सगळ्या घराची अंघोळ खोळंबते. स्वच्छतागृहाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या तेथेच सोडाव्यात. जेवताना भातात काड्या उभ्या खोचू नयेत आणि घास एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देऊ नये, कारण या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी निगडित आहेत.

शनिवारसाठी माझी सूचना हिरोगावा या लहान गावाची आहे. १८५४ च्या भूकंपानंतर त्सुनामी आली तेव्हा हामागुची गोर्यो या स्थानिक व्यापाऱ्यांनी शेतातील भाताच्या गंज्यांना आग लावून अंधारात गावकऱ्यांना उंचावरची वाट दाखवली, आणि पुढे स्वतःच्या खर्चाने किनाऱ्यावर बांध घातला. तो १८५८ मध्ये पूर्ण झाला आणि १९४६ च्या त्सुनामीत गावाच्या कामी आला. या घटनेची आठवण म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला आहे. दर नोव्हेंबरमध्ये गावातील शाळकरी मुले त्या बांधावर माती टाकण्याचा विधी करतात. शाळा आणि परंपरा दोन्ही एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर हे गाव पाहाच. तेथे एक छोटे संग्रहालयही आहे. तुमची तारीख आता ऑक्टोबरअखेरीस सरकलीच आहे, तेव्हा आणखी काही दिवस पुढे नेऊन त्या विधीला हजर राहता येईल का, हे यजमान शाळेला विचारून पाहा. फक्त ३ नोव्हेंबर हा संस्कृती दिन सार्वजनिक सुट्टीचा असतो, त्या दिवशी शाळा बंद राहील हे गृहीत धरून आराखडा करा.